अटकेची गर्दी, साक्षीचा शुकशुकाट

१ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यातल्या सोनईजवळ, गणेशवाडीच्या शिवारात, तीन तरुणांचा खून झाला. तिघे मेहतर समाजातले, नेवासे फाट्यावरच्या एका शिक्षणसंस्थेत सफाईचे काम करणारे. शौचालयाची टाकी साफ करायची आहे, असे सांगून त्यांना वस्तीवर बोलावून घेतले होते. त्यांच्यातल्या एकाचे गावातल्या सवर्ण घरातल्या मुलीवर प्रेम होते, हे कारण. बाहेर आलेली पहिली हकीकत होती ती एकजण टाकीत बुडून मेल्याची. पुढे उरलेल्या दोघांचे मृतदेह विहिरीत सापडले आणि अपघाताची गोष्ट तिथेच संपली.

त्या आठवड्यात देशातले सगळे कॅमेरे दिल्लीकडे वळलेले होते. १६ डिसेंबरच्या सामूहिक बलात्कारातली तरुणी २९ डिसेंबरला गेली होती आणि वाहिन्यांवर दुसरा विषय नव्हता. सोनई जगासमोर नेटाने धरून ठेवली ती दलित संघटनांनी आणि कार्यकर्त्यांनी. खटला नगर जिल्ह्यातून नाशिकच्या सत्र न्यायालयात हलवला गेला, उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील झाले, आणि पाच वर्षांनी, १५ जानेवारी २०१८ ला, सातपैकी सहाजण दोषी ठरले. एकजण निर्दोष सुटला. २० जानेवारीला सहाही जणांना फाशी सुनावली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशी कायम करताना त्या सहांतल्या एकाला मात्र निर्दोष सोडले.

या शेवटच्या वाक्यावर वाचकाने जरा थांबावे, अशी माझी इच्छा आहे. गुन्हा घडला होता, त्यामागे जात होती, आणि बहुतेक आरोपींवरचा दोष दोन न्यायालयांनी मान्य केला. तरीही ज्या सहा जणांना सगळ्यांनी एका दमात ‘नराधम’ म्हटले, त्यांतला एकजण जवळपास दोन वर्षे फाशीची शिक्षा डोक्यावर घेऊन जगला आणि मग पुरावा पुरेसा नाही म्हणून सुटला. या दोन्ही गोष्टी एकाच खटल्यात खऱ्या आहेत. गुन्ह्याच्या बातमीचा न्यायावर काय परिणाम होतो, हा या संग्रहाचा विषय. तो समजून घ्यायला मुंबईच्या नटनट्यांच्या खटल्यांपेक्षा सोनई अधिक उपयोगी पडते, असे मला वाटते. कारण इथे प्रसिद्धीचा अतिरेकही दिसतो आणि प्रसिद्धीचा अभावही.

मराठी वृत्तपत्रांचे या प्रश्नाशी नाते फार जुने आहे. १८८२ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कोल्हापूरच्या अल्पवयीन छत्रपतींचा छळ होत असल्याचे लिहिले आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावची पत्रे त्याला पुरावा म्हणून छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. आपण ही कथा देशभक्तांच्या पहिल्या तुरुंगवासाची म्हणून सांगतो, ते ठीकच. पण पत्रकारितेच्या वर्गात ती वेगळ्या कारणासाठी शिकवली पाहिजे. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ ला, ते छत्रपती अहमदनगरच्या किल्ल्यात एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मृत्यू पावले. म्हणजे संपादकांची शंका निराधार नव्हती. शंका साधार असूनही हातातला कागद खोटा असू शकतो, हे आपल्याला पहिल्याच फटक्यात कळले होते. एकशे चाळीस वर्षांनंतरही कागद हाती येताच तो छापण्याची घाई तशीच आहे.

पंधरा वर्षांनी पारडे उलटले. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि मुंबईच्या अँग्लो-इंडियन पत्रांनी ‘केसरी’तल्या मजकुराचा त्या खुनाशी संबंध जोडायला सुरुवात केली. टिळकांवर खटला उभा राहिला तेव्हा ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. निकालही सहा विरुद्ध तीन असाच लागला. खटला राजद्रोहाचा होता, खुनाचा नव्हे. पण वातावरण खुनाचे होते. बातम्यांनी तापवलेल्या हवेत ज्युरी बसली की काय होते, याचे मराठी मुलखातले इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नसेल.

नानावटी खटला सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २७ एप्रिल १९५९ ला नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ने नानावटींना नायक केले. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, पण न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे जन्मठेप झाली, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली आणि पुढे राज्यपालांनी माफी दिली. या खटल्याने भारतातली ज्युरी संपली, असे सांगितले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. ज्युरी हळूहळू विझत होती आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. त्या दंतकथेतून एक चुकीचा दिलासा मात्र आपल्या मनात रुजला: ज्युरी गेली, आता निवाडा प्रशिक्षित न्यायाधीश करतात, त्यांच्यावर बातम्यांचा परिणाम होत नाही, तेव्हा काळजीचे कारण नाही.

या दिलाशाचा समाचार घेणे हे या पुस्तकाचे मोठे काम आहे. न्यायाधीशही माणूस असतो आणि त्याच्या घरीही वर्तमानपत्र येते, हा त्यावरचा नेहमीचा प्रतिवाद. विधी आयोगाने २००६ च्या आपल्या दोनशेव्या अहवालात, म्हणजे ‘मीडिया ट्रायल’वरच्या अहवालात, नकळत होणाऱ्या परिणामाचा मुद्दा मांडलाच आहे. पण माझ्या मते खरी गोष्ट न्यायासनाच्या कितीतरी अलीकडे घडते. आपल्याकडचा फौजदारी खटला उभा राहतो तो पंचांवर, साक्षीदारांवर, तलाठ्याच्या नकाशावर, शवविच्छेदन करणाऱ्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरवर आणि वकीलपत्र घ्यायला तयार होणाऱ्या तालुक्याच्या वकिलावर. ही सगळी माणसे जिल्हा आवृत्ती वाचतात. त्यांची नावे, गावे, दुकाने सगळ्यांना माहीत असतात. बातमीने न्यायाधीश हलो न हलो, पंच हलतो.

याचे एक ठोस रूप म्हणजे ओळख परेड. अटकेनंतर संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत उभे करतात आणि साक्षीदाराला ओळखायला सांगतात. नायब तहसीलदारासारखा कार्यकारी दंडाधिकारी समोर असतो, पोलिसांना खोलीत थांबायची परवानगी नसते. आता त्या संशयिताचा फोटो परेडच्या आधी पहिल्या पानावर छापून आला किंवा मोबाइलवर फिरला, तर साक्षीदाराने नक्की कोणाला ओळखले? घटनेच्या रात्री पाहिलेल्या माणसाला, की सकाळी चहाबरोबर पाहिलेल्या फोटोला? बचावाचा वकील उलटतपासणीत एवढा एकच प्रश्न विचारतो आणि चांगला साक्षीदारही वाया जातो. पोलीस आरोपीच्या तोंडावर कापड बांधून त्याला कोर्टात नेतात ते त्याच्या अब्रूसाठी नसते, परेडसाठी असते. आणि त्या बुरख्यासह काढलेल्या फोटोखाली आपण पूर्ण नाव, वय, गाव, वडिलांचे नाव छापतो.

दुसरे रूप कबुलीचे. गुन्हेवृत्ताची मराठी ठरलेली आहे. ‘मुसक्या आवळल्या’, ‘बेड्या ठोकल्या’, आणि सर्वांत आवडते वाक्य: ‘पोलिसी खाक्या दाखवताच त्याने गुन्ह्याची कबुली दिली.’ हे वाक्य इतक्या वेळा छापले गेले आहे की लिहिणाऱ्याला ते दिसतसुद्धा नाही. त्याचा सरळ अर्थ असा की कोठडीत मारले आणि माणूस बोलला. १८७२ च्या पुरावा कायद्यापासून पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो नियम कायम आहे. कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. म्हणजे जे न्यायाधीशाने वाचू नये असे कायद्याने दीडशे वर्षांपूर्वी ठरवले, ते सगळ्या जिल्ह्याने वाचलेले असते. पुढे न्यायालयाने पुराव्याअभावी सोडले की तोच जिल्हा म्हणतो, ‘पैसे खाल्ले असतील.’ कबूल झालेला माणूस सुटतोच कसा, हा प्रश्न बातमीने तयार केलेला असतो. न्यायालयाच्या निकालपत्रात त्याचे उत्तर असते, पण निकालपत्र कोण वाचतो?

याबद्दलचा विचार जगभर तीन-चार वाटांनी गेला. ब्रिटनची वाट न्यायालयीन अवमानाची. तिथल्या १९८१ च्या कायद्यानुसार अटक झाली की प्रकरण ‘चालू’ धरतात आणि खटल्याला गंभीर धोका पोचेल असे काही छापले तर हेतू न पाहता दंड होतो. २०११ मध्ये एका खुनाच्या तपासात पकडलेल्या आणि नंतर पूर्ण निर्दोष ठरलेल्या निवृत्त शिक्षकाची बदनामी केली म्हणून ‘डेली मिरर’ आणि ‘सन’ यांना असा दंड भरावा लागला. अमेरिकेची वाट उलटी. तिथे वृत्तपत्राचे तोंड बांधायला न्यायालये सहसा तयार नसतात. त्याऐवजी खटला दुसऱ्या गावी हलवा, ज्युरी वेगळी ठेवा, तहकूब करा, असे ओझे न्यायालयाने स्वतःच्या अंगावर घ्यायचे. १९६६ च्या शेपर्ड निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रसिद्धीच्या गदारोळात झालेली शिक्षा रद्दच केली.

आपण मध्ये कुठेतरी आहोत. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच वृत्तपत्राने समांतर तपास करू नये, असे बजावले होते. १९६९ च्या एका केरळी प्रकरणात अटकेनंतरचे लेखन अवमान ठरू शकते, असे म्हटले. पण १९७१ च्या अवमान कायद्याने फौजदारी प्रकरणात रेषा दोषारोपपत्रापाशी, किंवा न्यायालयाने समन्स-वॉरंट काढण्यापाशी, ओढली. म्हणजे अटक आणि दोषारोपपत्र यांच्यामधले दोन-तीन महिने, ज्या काळात सर्वाधिक छापले जाते, तो काळ मोकळा राहिला. विधी आयोगाने रेषा अटकेपर्यंत मागे घ्या असे सुचवले. कायदा बदलला नाही. १९९७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रांनी, वाहिन्यांनी किंवा आंदोलनांनी चालवलेला खटला कायद्याच्या राज्याच्या थेट विरोधात जातो, असे स्पष्ट म्हटले. २०१२ च्या सहारा निकालात ठराविक काळापुरते वार्तांकन लांबणीवर टाकण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. आणि सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या तमाशानंतर १८ जानेवारी २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने काय टाळावे याची यादीच दिली: मृताच्या चारित्र्याची चिरफाड, साक्षीदारांच्या मुलाखती, घटनेचे नाट्यरूपांतर, कबुलीजबाब पुरावा असल्यासारखे छापणे. यादी चांगली आहे. ती सोनईच्या बसस्टँडवर मायक्रोफोन घेऊन उभ्या असलेल्या यूट्यूब वार्ताहरापर्यंत कशी पोचणार, हे मात्र त्यात नाही.

कायद्याच्या या वाटेला समांतर अशी समाजशास्त्राची वाट आहे. स्टॅनली कोहेन यांनी १९७२ मध्ये आणि स्टुअर्ट हॉल यांच्या गटाने १९७८ मध्ये दाखवून दिले की गुन्ह्याच्या बातमीला पहिला आकार देतो तो पोलीस. पुढचे सगळे त्या आकारात भर घालतात. नगर जिल्ह्यात हे समजायला ग्रंथ वाचावा लागत नाही. गावचा वार्ताहर बहुधा पगारी नसतो. नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करून त्याचे कमिशन सुटते. पोलीस ठाण्याशी वाकडे घेणे त्याला परवडत नाही. व्हॉट्सॲपवर प्रेसनोट येते, तीत ‘कामगिरी’ बजावणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे हुद्द्यांसह असतात आणि आरोपीची बाजू नसते. तीच दुसऱ्या दिवशी चार वर्तमानपत्रांत शब्दशः येते. यात कोणी एक खलनायक नाही, आणि म्हणूनच हे सुधारायला अवघड आहे.

या प्रेसनोटचे चटके कोणाला बसतात, हेही पाहा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये गेल्यावरही ज्यांच्या नावापुढची ‘टोळी’ गेली नाही, त्या पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांना. २००३ मध्ये नाशिक परिसरात दरोडा, बलात्कार आणि खुनांचे एक भीषण प्रकरण घडले. भटक्या जमातीच्या सहा जणांना शिक्षा झाली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. घटनेनंतर लगेच साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखले होते आणि त्यांच्यावर कारवाईच झाली नव्हती, हे तेव्हा ठळकपणे पुढे आले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला. तोवर सोळा वर्षे गेली होती. निर्दोष सुटल्याची बातमी किती जणांनी वाचली असेल, याचा अंदाज वाचकानेच करावा.

तिसरी वाट दलित आणि स्त्रीवादी अभ्यासकांची, आणि ती पहिल्या दोघींना अडचणीत आणते. त्यांचे म्हणणे असे की ‘मीडिया ट्रायल’ची तक्रार करायला आधी मीडिया यावा तर लागतो! २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले, आणि राज्याला ते नीट कळायला काही आठवडे लागले. सुरुवातीच्या वृत्तांत अनैतिक संबंधांची कुजबुज होती. मोर्चे निघाले तेव्हा कुठे बातमीने दिशा बदलली. तिथे प्रसिद्धी नसती, तर खटलाच उभा राहिला असता का? सोनईतही टाकीत बुडून मेल्याची पहिली हकीकत कोणी न विचारता स्वीकारली असती तर? आरोपीला निष्पक्ष खटल्याचा हक्क आहे तसा मृताच्या आईलाही आहे, आणि तिच्यासाठी शांतता हा अन्याय असतो.

हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण नगर जिल्ह्यानेच त्याच्याही मर्यादा दाखवल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या जवखेडे खालसा इथे एका दलित कुटुंबातल्या तिघांची निर्घृण हत्या झाली. सवर्णांनी केलेला अत्याचार, असे धरून राज्यभर आंदोलने झाली आणि लिहिलेही तसेच गेले. डिसेंबरमध्ये पोलिसांनी अटक केली ती नात्यातल्याच माणसांना. त्या अटकेला मी निकाल म्हणत नाही. या प्रस्तावनेत तसे म्हटले तर सगळीच शोभा होईल. पण दोन महिन्यांत जिल्ह्याने दोनदा पूर्ण खात्रीने दोन वेगळे गुन्हेगार पाहिले, आणि दोन्ही वेळा न्यायालय अजून उघडायचे होते.

आता खर्डा आणि कोपर्डी शेजारी ठेवून पाहा. २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारून झाडाला टांगले. तेव्हा मंत्री आले, नेते आले, वाहिन्या आल्या. १३ जुलै २०१६ ला कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मराठा मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यातून उसळलेल्या मराठा क्रांती मोर्चांनी राज्याचे राजकारण हलवले आणि त्यांच्या मागण्यांत अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात बदलही होता. दोन्ही खटले नगरच्या न्यायालयात चालले. दोन्हींचे निकाल नोव्हेंबर २०१७ च्या एकाच पंधरवड्यात लागले. खर्ड्याच्या प्रकरणात २३ तारखेला सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले होते. कोपर्डीत २९ तारखेला तिघांना फाशी झाली. त्या पंधरवड्यावर जातीच्या चष्म्यातून पुष्कळ लिहिले गेले. माझे लक्ष दुसरीकडे जाते. खर्ड्याचा एकेक साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून आपला जबाब नाकारत होता, तेव्हा २०१४ मधली ती गर्दी कुठे होती? भरलेल्या कोर्टात, समोर वार्ताहर वही घेऊन बसलेला असताना, साक्ष फिरवणे अवघड असते. रिकाम्या कोर्टात सोपे असते.

माझे म्हणणे थोडक्यात हेच आहे. आपल्याकडे गुन्ह्याच्या बातमीचे प्रमाण चुकत नाही, वेळ चुकते. पहिल्या दहा दिवसांत, जेव्हा कोणालाच काही माहीत नसते, तेव्हा पानेच्या पाने. मग दोषारोप निश्चिती, पंचनाम्याची छाननी, सरतपासणी, उलटतपासणी, या तीन-चार-पाच वर्षांच्या काळात एक ओळ नाही. आणि निकालाच्या दिवशी पुन्हा बाहेर पेढे किंवा पुतळादहन. सोनईच्या खटल्यात प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नव्हता. सगळी साखळी परिस्थितीजन्य पुराव्याची. ती कडी कडी जोडत कशी गेली आणि एका आरोपीपाशी उच्च न्यायालयाला ती का तुटलेली वाटली, हे नाशिकच्या न्यायालयात बसूनच कळले असते. त्याच काळात, २०१६ च्या सुरुवातीला, सोनईपासून हाकेच्या अंतरावर शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांच्या प्रवेशासाठी आंदोलन सुरू होते आणि देशभरातल्या ओबी व्हॅन तिथे उभ्या होत्या. त्या खटल्यावर त्यांचा अर्धा तास खर्च झाला असता तरी चालले असते.

सरकारी वकिलांनीही या खेळात भाग घेतला आहे, हे न बोलणे लबाडीचे होईल. २६/११ च्या हल्ल्यातल्या कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली, ही गोष्ट आपण त्याच्याविषयी तयार होऊ लागलेली सहानुभूतीची हवा मोडण्यासाठी रचली, असे उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये स्वतः जाहीरपणे सांगितले. त्यांच्या कामाचा मी आदर करतो; कसाबचा गुन्हा बिर्याणीवाचूनही शंभर टक्के सिद्ध झाला. म्हणूनच प्रश्न पडतो, की मग ती गोष्ट कोणासाठी होती? न्यायालयासाठी तर नक्कीच नव्हती. पोलिसांचेही तेच. ऑगस्ट २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणातली पत्रे राज्याच्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत वाचून दाखवली, तेव्हा प्रकरण न्यायप्रविष्ट असताना हे कसे चालते, असे उच्च न्यायालयाने विचारले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी माध्यमांना काय सांगावे याची नियमावली करायला केंद्रीय गृहखात्याला सांगितले. प्रेसनोटची भाषा बदलली तर निम्मे काम होईल, असे माझे मत आहे.

हे पुस्तक आजच का, याला एक नाव पुरेसे आहे: बदलापूर. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, रेल्वे अडवली गेली, ‘आम्हाला द्या’ अशा घोषणा झाल्या. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. पेढे वाटले गेले. पुढे दंडाधिकारी चौकशीने पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरले. त्या मुलींच्या बाजूने न्यायालयात पुरावा मांडला जाणे, त्याच्यावरचे आरोप सिद्ध होणे, हे सगळे त्याच्याबरोबर संपले. खटला न चालणे हे पीडितेचेही नुकसान असते, हे त्या रात्री कोणी म्हणाले नाही. त्यानंतर मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर २०२४ मधल्या हत्येचे, दोषारोपपत्रातले फोटो मार्च २०२५ मध्ये घराघरांतल्या मोबाइलवर पोचले. त्या फोटोंनी मंत्र्याचा राजीनामा घडवला, हे खरे. खटला मात्र त्यांच्यावर नाही, पुराव्याच्या साखळीवर आणि साक्षींवर उभा राहायचा आहे.

आता या संग्रहाविषयी. वकील, गुन्हेवार्ताहर, कार्यकर्ते आणि अभ्यासक यांचे हे लेखन आहे आणि त्यांचे एकमेकांशी पटत नाही, ही त्याची जमेची बाजू. जुने खटले पुन्हा चालवून पाहण्याचा मोह इथे टाळला आहे. कोण दोषी होते, याचा निवाडा कोणी केलेला नाही. पहिल्या मथळ्यापासून शेवटच्या निकालापर्यंत एकेका प्रकरणाचा कागद ठेवायचा, तारखा लावायच्या आणि कोणत्या दिवशी कोणाला काय माहीत होते, एवढे तपासायचे, अशी पद्धत आहे. ती कंटाळवाणी वाटेल. तशीच हवी. मृतांची आणि आरोपींच्या नातेवाइकांची नावे शक्य तिथे गाळली आहेत. बलात्काराच्या प्रकरणांत तर पीडितेचे नाव छापणे गुन्हाच आहे.

एका बाबतीत मी लेखकांच्या सुरापासून वेगळा आहे. काही लेखांचा कल अटकेपासूनच वार्तांकनावर कायद्याने बंधन घालण्याकडे आहे. मला त्याची भीती वाटते. असे बंधन पहिल्यांदा लागू होईल ते खैरलांजीसारख्या प्रकरणात, पोलीस ठाण्यातल्या मारहाणीच्या बातमीवर, आणि लागू करून घेईल तोच अधिकारी ज्याची प्रेसनोट आज शब्दशः छापली जाते. कबुलीजबाब छापू नका, परेडआधी फोटो छापू नका, साक्षीदाराचे गाव छापू नका, इतके तीन नियम प्रत्येक संपादकाने आपल्या टेबलावर चिकटवले तरी त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

वाचकाला एक विनंती. तुमच्या तालुक्यात गाजलेले एखादे प्रकरण आठवा आणि त्याचे पुढे काय झाले ते शोधा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख मोबाइलवर दिसते. बलात्कार आणि बालकांवरच्या अत्याचाराची प्रकरणे वगळता फौजदारी न्यायालय कायद्यानेच खुले आहे. नगरला, नेवाशाला, नाशिकला, कुठेही. साक्ष असेल त्या दिवशी जा आणि मागच्या बाकावर बसा.